एक मैलाची रेघ

गेल्या आठवड्यात गराज आवरायला काढलं. बायकोच्या भाषेत 'तुझं वस्तुसंग्रहालय'. जुने टॅक्सचे कागद, मुलीची लहानपणची सायकल, भारतातून आणलेला आणि कधीच न वापरलेला स्टोव्ह... आणि या सगळ्याच्या मागे एक लांब पुठ्ठ्याची नळी. आत गुंडाळलेला नकाशा. उलगडला आणि तिथेच खाली बसलो. आवरणं राहिलं ते राहिलंच.

हा नकाशा मी स्वतः काढलेला आहे. साल २००१. तेव्हा मी फ्लोरिडाच्या वायव्येला एका छोट्या सर्वेक्षण कंपनीत नकाशे करायचो. फ्लोरिडाचा नकाशा डोळ्यापुढे आणलात तर खाली लोंबणारा मोठा भाग दिसेल आणि वरून पश्चिमेकडे गेलेली चिंचोळी पट्टी. तिला 'पॅनहँडल' म्हणतात, म्हणजे तव्याचा दांडा. त्या दांड्यातल्या एका काउंटीसाठी आम्हाला एक रेघ काढून द्यायची होती. रेघेच्या दक्षिणेला, म्हणजे समुद्राकडे, नवं घर बांधलंत तर खिडक्यांना वादळात उडणाऱ्या वस्तूंपासून संरक्षण हवं. शटर लावा, नाहीतर खास काच बसवा. रेघेच्या उत्तरेला ती सक्ती नाही. एवढं साधं काम.

आता ही रेघ आली कुठून, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

२४ ऑगस्ट १९९२ रोजी पहाटे अँड्र्यू नावाचं हरिकेन मायामीच्या दक्षिणेला, होमस्टेडच्या बाजूला धडकलं. एकट्या डेड काउंटीत २५ हजारांहून जास्त घरं जमीनदोस्त झाली. आधी त्याला चौथ्या श्रेणीचं म्हटलं होतं, २००२ मध्ये नोंदी पुन्हा तपासून पाचव्या श्रेणीत टाकलं. पण खरा धक्का वाऱ्याच्या वेगाचा नव्हता. दक्षिण फ्लोरिडाचं बांधकाम कोड देशातल्या कडक कोडांपैकी एक समजलं जायचं. मग ढिगारे उपसायला घेतल्यावर दिसलं, की कित्येक छपरांच्या प्लायवूडला मारलेल्या पिना खालच्या लाकडात गेल्याच नव्हत्या. बाजूला हवेत मारलेल्या! छप्पर नुसतं ठेवलेलं होतं म्हणायचं.

दुसरी गोष्ट कळली ती खिडकीची. आपल्याकडे पावसाळ्यात छत्री उलटी होते ना? वारा वरून कितीही वाहू दे, छत्री टिकते. एकदा का तो खालून आत शिरला की संपलं. घराचंही तसंच. वारा छपराला वरून ओढत असतोच. त्यात एखादं कौल किंवा फळी उडत येऊन खिडकी फोडते, वारा आत शिरतो आणि छपराला आतून ढकलतो. वरून ओढ आणि आतून रेटा. छप्पर जातं, मग भिंती जातात. म्हणजे छप्पर वाचवायचं तर आधी खिडकी वाचवायला हवी.

यातून १९९४ मध्ये दक्षिण फ्लोरिडात ती प्रसिद्ध चाचणी आली. नऊ पौंडांचं, म्हणजे सुमारे चार किलोचं लाकूड तोफेसारख्या यंत्रातून सेकंदाला ५० फूट वेगाने काचेवर मारायचं. काच तडकली तरी चालेल, भोक पडता कामा नये. मी एकदा हे प्रत्यक्ष पाहिलं आहे. आवाज अजून कानात आहे.

पण प्रश्न असा, की हे सगळं करायचं कुठे? सगळ्या राज्यात? समुद्रापासून शंभर मैल आत राहणाऱ्यालाही? खर्च येतो हो. म्हणून रेघ हवी. आणि रेघ आली की तिच्यामागून माणसं आली.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेने आपल्या मानकात एक व्याख्या घातली. जिथे नकाशावर वाऱ्याचा वेग ताशी १२० मैल किंवा जास्त आहे तिथे खिडक्या सांभाळा. ११० असेल, तर समुद्राच्या भरतीरेषेपासून एक मैलापर्यंत सांभाळा. हा वेग म्हणजे मोकळ्या सपाट जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवर, तीन सेकंदांच्या झोताचा. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला काहीच नसतं. जमिनीवर आला की घरं, झाडं यांच्यात अडखळत तो हळूहळू मंदावतो. म्हणून किनाऱ्याजवळचा पट्टा वेगळा. हे शास्त्र म्हणून पटण्यासारखं आहे. पण 'हळूहळू' या शब्दावर कायदा करता येत नाही. कायद्याला आकडा लागतो. म्हणून एक मैल. निसर्गाला गोल आकडे ठाऊक नसतात, ते आपले असतात.

फ्लोरिडाने सगळ्या राज्याला एकच कोड करायचं ठरवलं. ते १ मार्च २००२ पासून लागू झालं. पण त्याआधी, २००० साली, विधिमंडळात तव्याच्या दांड्यासाठी एक अपवाद घातला गेला. फ्रँकलिन काउंटीच्या पूर्व सीमेपासून अलाबामाच्या हद्दीपर्यंत, नकाशा काहीही म्हणो, फक्त किनाऱ्यापासून एक मैलाचा पट्टा धरायचा. बाकी राज्यात १२० मैलांची रेघ पाळायची आणि इथे मैलाचा दगड. कारणं काय दिली गेली? घरं महागतील. इथे झाडी दाट आहे, ती वारा अडवेल. मायामीसारखी वादळं इथे येत नाहीत. गंमत म्हणजे ४ ऑक्टोबर १९९५ रोजी ओपल नावाचं तिसऱ्या श्रेणीचं हरिकेन याच किनाऱ्यावर, पेन्साकोलाजवळ येऊन गेलं होतं. पाच वर्षं म्हणजे काही फार नव्हेत. पण विसरायला पुरतात.

तर ती रेघ काढायचं काम आमच्याकडे आलं. मला वाटलं, दुपारपर्यंत होईल. संगणकाला सांगायचं, किनाऱ्यापासून एक मैल आत समांतर रेघ मार. झालं!

पहिला प्रश्न: किनारा म्हणजे नेमकं काय? तुम्ही म्हणाल, समुद्र संपतो तिथे. पण समुद्र दिवसभर हलत असतो. आमच्या गावची म्हातारी माणसं उधाणाची भरती आणि भांगेची भरती वेगळी सांगतात, तेच इथे. अमेरिकन कायद्याने यावर तोडगा काढला आहे तो मोठा छान आहे. १९ वर्षांच्या सगळ्या भरत्यांची उंची मोजायची आणि सरासरी काढायची. १९ का, तर चंद्राच्या फिरण्याच्या कलाचं एक आवर्तन १८.६ वर्षांचं असतं. १९३५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका जमिनीच्या खटल्यात हा हिशेब मान्य केला होता. म्हणजे तुमच्या खिडकीला शटर हवं की नको, याचा धागा थेट चंद्रापर्यंत जातो. मला त्या दिवशी हे वाचून फार आनंद झाला होता. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. येताना दूध आणलंस का?"

दुसरा प्रश्न अवघड होता. आमच्याकडे समोर वाळूचं लांबलचक बेट, त्यामागे चिंचोळी खाडी, मग मुख्य जमीन, आणि त्या जमिनीत आत घुसलेले रुंद उपसागर. मैल कुठून मोजायचा? बेटाच्या बाहेरच्या कडेपासून मोजला तर बराचसा मैल पाण्यातच संपतो. खाडीच्या कडेपासून मोजला तर शेकडो घरं आत येतात. उपसागराची कडही धरली, तर अर्धं गाव. कायद्यात नुसता 'किनारा' हा शब्द. आमच्या टेबलावर दिवसभर चर्चा झाली. वाऱ्याचं काय म्हणणं असेल, हे त्या चर्चेत कुणी फारसं विचारलं नाही. मीही नाही. शेवटी मधला मार्ग निघाला. खाडी धरली, उपसागर सोडले.

तिसरा टप्पा मला सगळ्यात आवडला होता. संगणकाने काढलेली रेघ नागमोडी असते. ती एखाद्याच्या स्वयंपाकघरातून जाते, एखाद्याच्या अंगणातून. ओटा आत, दिवाणखाना बाहेर. तपासायला येणाऱ्या माणसाने काय करायचं? म्हणून कोडातच सांगितलं होतं, की वाऱ्याच्या रेघांची नेमकी जागा स्थानिक ठरावाने ठरवावी आणि शक्य तिथे मोठे रस्ते, कालवे, नद्या, तळ्यांचे काठ अशा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा धराव्यात. व्यवहाराला हे अगदी रास्त आहे. मग मी बसून ती नागमोडी रेघ ओढून ओढून रस्त्यांवर बसवली. इथे थोडी वर, तिथे थोडी खाली. एका जागी ती एका दुपदरी रस्त्यावर येऊन सरळ झाली. रस्त्याच्या दक्षिणेला वादळ, उत्तरेला नाही.

हसू नका, सगळीकडे असंच असतं. मायामीकडच्या सगळ्यात कडक विभागाची हद्द म्हणजे दोन काउंट्यांची हद्द. मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड. पुढच्या काउंटीत पाऊल टाकलं की नियम बदलले. टेक्ससमध्ये १९७० च्या सिलिया वादळानंतर किनाऱ्यासाठी वेगळी विमा व्यवस्था उभी राहिली. तिच्या बांधकाम नियमांत समुद्राकडचा विभाग किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या जलवाहतुकीच्या कालव्याने तोडलेला आहे आणि ह्यूस्टनच्या बाजूला हद्द म्हणजे १४६ नंबरचा हमरस्ता. पूर्वेला असाल तर आत, पश्चिमेला असाल तर बाहेर. रेघ काढणं चूक नाही. रेघेशिवाय कोड चालूच शकत नाही. चूक पुढे होते, आणि माझ्याकडून ती झाली.

त्याच दुपदरी रस्त्याच्या उत्तरेला माझ्या मुलीला पियानो शिकवणाऱ्या बाई राहायला आल्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या. २००३ मध्ये नवं घर बांधलं. मी नकाशांचं काम करतो हे त्यांना माहीत होतं. एकदा मुलीला घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "बिल्डर विचारतोय शटर हवीत का. वेगळे पैसे पडतील. मला गरज आहे का?"

मी अभिमानानेच म्हणालो, "नाही. तुम्ही रेघेच्या बाहेर आहात."

१६ सप्टेंबर २००४ च्या पहाटे आयव्हन आलं. अलाबामात गल्फ शोर्सपाशी जमिनीवर चढलं, वेग ताशी १२० मैल, आणि वादळाची जोरकस पूर्वेची बाजू आमच्यावर. एस्काम्बिया उपसागरावरच्या हमरस्त्याच्या पुलाचे तुकडे पाण्यात पडले. आम्ही आधीच घर सोडून उत्तरेला गेलो होतो. चार दिवसांनी परतलो. आमचं घर भाड्याचं, जुनं, विटांचं. दोन खिडक्या आणि कुंपण गेलं, एवढंच.

बाईंकडे गेलो. समोरची मोठी खिडकी नव्हती. त्या कोपऱ्यातलं छप्पर नव्हतं. पियानोवर भिजलेलं इन्सुलेशन पडलं होतं, ओल्या कापसासारखं. बाई सुखरूप होत्या, बहिणीकडे गेल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. रस्त्यापलीकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाल्या, "त्यांना शटर होती."

शटर असती तर घर वाचलंच असतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. रस्त्याच्या दक्षिणेलाही दोन घरांची छपरं गेली होती. पण मला झोंबलं ते वेगळंच होतं. त्यांनी मला विचारलं होतं 'गरज आहे का', आणि मी उत्तर दिलं होतं 'सक्ती आहे का' या प्रश्नाचं. आणि ती रेघ त्या रस्त्यावर कशी आली हे जगात ज्या चार-पाच माणसांना ठाऊक होतं, त्यांतला मी एक होतो. कडेला ओढून बसवलेली रेघ. उपसागर सोडून दिलेली रेघ. हे सगळं माहीत असूनही दोन वर्षांत माझ्या डोक्यात ती खरी झाली होती. जणू वाऱ्यानेच काढली असावी.

पुढच्याच वर्षी, १० जुलै २००५ ला, डेनिस त्याच किनाऱ्यावर आलं. मग चर्चा, अभ्यास, समित्या... आणि २००७ मध्ये तो अपवाद रद्द झाला. तव्याचा दांडाही उरलेल्या तव्यासारखा झाला. नंतर मूळ मानकात वेग मोजायची पद्धत बदलली, ११० आणि १२० च्या जागी १३० आणि १४० आले. पुढच्या आवृत्त्यांत तर किनारा समुद्राचा की उपसागराचा, यापेक्षा काठासमोर मोकळं पाणी किती लांबवर पसरलंय हे पाहायला लागले. आमच्या टेबलावर जे राहून गेलं ते! १० ऑक्टोबर २०१८ ला मेक्सिको बीचवर ताशी १६० मैलांचं मायकेल आलं तेव्हा गावाचा मोठा भाग पुसला गेला. एक घर मात्र ताठ उभं होतं, त्याचा फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आला. मालकांनी ते कोड मागतं त्याहून कितीतरी भक्कम बांधलं होतं. तोवर आम्ही तिथून हललो होतो. तो फोटो बघताना मला पियानो आठवला.

आता हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे नुसती ती नळी नव्हे. कारण दादा.

आमचं घर श्रीवर्धनजवळ. ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आलं ते अनेकांना आठवत असेल. लॉकडाऊनमध्ये सगळे घरात, आणि घराचंच छप्पर जातंय. सुपारीच्या बागा आडव्या. वडिलांनी लावलेली झाडं दादाने फोनवर एकेक करून मोजून दाखवली. मागच्या पडवीचे पत्रे शेजारच्या विहिरीत मिळाले. त्या वेळी हाताला लागेल तशी डागडुजी झाली. पुढच्या वर्षी तौक्ते नुसतं लांबून गेलं तरी पुन्हा कौलं गेली. आता दादा सगळं छप्पर नव्याने घालतोय. गेल्या महिन्यात फोन आला.

"अरे, तू ते वाऱ्याच्या नकाशाचं काम करायचास ना? आपलं गाव त्यात कुठे बसतं बघ. पत्रेवाला म्हणतो, आपल्याकडे काय दर वर्षी वादळ येतं? एवढे बोल्ट कशाला?"

मी बघितलं. आपल्याकडे भारतीय मानक ८७५ चा तिसरा भाग आहे, १९८७ चा, २०१५ मध्ये सुधारलेला. अख्खा भारत एका पानावर, वाऱ्याचे सहा पट्टे: सेकंदाला ३३, ३९, ४४, ४७, ५० आणि ५५ मीटर. मुंबई ४४ मध्ये, पणजी ३९ मध्ये. म्हणजे मधे कोकणातून कुठेतरी एक रेघ जाते. आकडे जवळजवळ वाटतात, पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ३९ ला एका चौरस मीटरवर साधारण ९३ किलो, ४४ ला ११८. सव्वापटीहून जास्त. आणि एवढ्या लहान नकाशावर पेनाच्या रेघेची जाडीच काही किलोमीटर भरते.

२०१५ च्या आवृत्तीत आणखी एक रेघ आहे. चक्रीवादळांचा परिणाम किनाऱ्यालगतच्या साधारण ६० किलोमीटरच्या पट्ट्यात जाणवतो, म्हणून तिथे वेगाला वाढीव गुणक. वादळानंतर ज्यांची गरज लागते अशा इमारतींना १.३०, कारखान्यांना १.१५, बाकीच्यांना १. पण हा पट्टा पूर्व किनाऱ्याला आणि पश्चिमेला गुजरातला. कोकण त्यात नाही. जुन्या नोंदी पाहिल्या तर त्यालाही कारण आहे, अरबी समुद्रात वादळं कमी व्हायची. पण २००९ चं फयान, २०२० चं निसर्ग... पाच वर्षं विसरायला पुरतात हे मी आधी लिहिलंच आहे. आणि दादाच्या घराला तर पट्ट्यात असूनही गुणक एकच लागला असता. घरं त्या 'बाकीच्यां'त येतात.

म्हणजे नियमाने उत्तर तेच होतं जे मी २००३ मध्ये दिलं होतं. तुम्ही रेघेच्या बाहेर आहात.

मी दादाला म्हणालो, "नकाशात आपण बाहेर आहोत. पण तू नकाशाचं ऐकू नकोस, विहिरीतल्या पत्र्यांचं ऐक."

मग आम्ही तासभर फोनवर बसलो. आढ्यापासून भिंतीपर्यंत प्रत्येक सांधा बांधलेला हवा, नुसता ठेवलेला नको. वासे भिंतीच्या माथ्याला लोखंडी पट्टीने जखडायचे. पत्र्याच्या कडेला आणि कोपऱ्यांत बोल्ट दुप्पट, कारण वारा तिथूनच उचलायला लागतो. समुद्राकडच्या खिडक्यांना आजोबांच्या वेळच्या जाड फळ्यांच्या झडपा होत्या. वीस वर्षांपूर्वी सरकत्या काचा आल्या तेव्हा दादाने त्या काढून माळ्यावर टाकल्या होत्या. त्या पुन्हा लावायच्या. आजोबांना कुणी मानक दाखवलं नव्हतं, पण खिडकी वाचली तर छप्पर वाचतं हे त्यांना ठाऊक असावं.

दादाने खर्च ऐकला आणि थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तिकडे एवढी वर्षं राहून अखेर झडपाच सांगितल्यास होय रे!"

असो. काल त्याने फोटो पाठवलाय. पडवीवर नवे पत्रे, कडेला बोल्टांची दाट रांग. पत्रेवाला कपाळाला हात लावून उभा आहे. झडपा अजून लागायच्या आहेत, बिजागऱ्या गंजल्यात म्हणे.

नकाशा मी पुन्हा नळीत घालून ठेवला. टाकवला नाही.